समास

पोवई नाक्यावर आमचं डीटीपीचं दुकान होतं तेव्हा
शालन कणसे यायच्या दर मंगळवारी, लाईट जायच्या आधी.
रेक्झिनची पिशवी, पिशवीत फुलस्केप,
फुलस्केपवर निळ्या शाईत इंग्रजी
आणि डावीकडे चार बोटं समास.
"समासातलं टाईप करायचं नाही,"
पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

कारखान्यात स्टेनो होत्या त्या.
दुधातली साय काढणारी यंत्रं बनायची तिथे.
यंत्रांबरोबर स्वीडनहून माहितीपुस्तकं यायची,
आणि एक्लुंड नावाचा साहेब,
ज्याच्या बायकोला सदरबझारच्या बंगल्यात
दुपारी बोलायला कुणी नव्हतं.
तिथे शिकल्या. आधी "बोल्ट घट्ट करा",
मग "पाव किती वेळ भाजावा",
मग एक कादंबरी, जी बाई जाताना विसरून गेल्या,
किंवा विसरल्यासारखं करून.

अकरा पुस्तकं झाली. सगळी लंडनला छापली.
साताऱ्यात एकही मिळत नाही.
नाव आतल्या पानावर, मुंगीएवढं;
एकदा कणसेचं कान्से झालं, तर म्हणाल्या,
राहू दे, अंगापुरात कोण वाचणार आहे.
चेक वटायला चाळीस दिवस.
बँकेतले घोरपडे दर वेळी, "स्वित्झर्लंड ना?"
आणि ह्या दर वेळी, "शेजारीच."

मी टाईप करायचो. नजर समासात जायचीच.
ओळीत आँट,
समासात पेन्सिलीनं: मुस्तेर. मावशी.
दोन पानं पुढे पुन्हा आँट,
समासात: फास्तेर. आत्या.
मी विचारलं, बाई एकच की दोन?
त्यांनी चष्मा काढला.
"तिकडे दोन आहेत. आपल्यात दोन आहेत.
मधलं दार एवढं अरुंद,
की दोघींना एकाच लुगड्यात जावं लागतं."

एका ठिकाणी चोवीस तास, आणि समासात अहोरात्र.
"त्यांच्याकडे ह्याला एकच शब्द आहे, द्युंग्न.
आपलाही एकच, पण तो समास. द्वंद्व."
समासात समास, म्हणून स्वतःच हसल्या.

बर्फ त्यांनी पाहिला नव्हता.
रात्रीतून बर्फावर धरते ती कडक खपली,
पाय ठेवला तर कधी तोलते, कधी मोडते,
तिच्यापुढे लिहिलं होतं: साय?
प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेलं.

शेवटच्या पुस्तकात एक म्हातारी
दारातला बर्फ फावड्यानं उपसते, थांबते,
लेकीला म्हणते, यॉ ऑर्कार इंते.
तीन मंगळवार मी ती ओळ कोरी सोडून टाईप केलं.
आय कान्ट मॅनेज. खोडलं.
आय हॅव नो स्ट्रेंग्थ. खोडलं.
समासात मात्र पहिल्या दिवसापासून, न खोडता:
नाही झेपत गं.

चौथ्या मंगळवारी पिशवी न घेताच आल्या.
दुकानाच्या तीन पायऱ्या गुडघा धरून चढल्या, म्हणाल्या,
"आय कान्ट. एवढंच टाक. पूर्णविराम."
मी म्हटलं, आणि बाकीचं?
"बाकीचं आहे की समासात."

ते कागद माझ्याकडेच आहेत. मागायला कुणी आलं नाही.
दुकान आता राधिका रोडला, जास्त करून लग्नपत्रिका.
परवा एक मुलगा आला, पुण्यात आयटीत,
म्हणाला, ऑफिससाठी इंग्रजीतही करून द्या.
मराठी समोर ठेवली. मामा, मावश्या, आत्या, चुलते,
ज्याची त्याची ओळ,
एक राहिली तर मांडवात तोंडं फिरतील अशी.
इंग्रजीत अंकल्स अँड आँट्स. झालं.
तो स्क्रीनकडे बघत म्हणाला,
डावीकडे एवढी जागा का सोडलीय? सेंटर करा ना.

करून दिलं.
माझ्या प्रतीत नाही केलं.